प्रवेशाची किंमत आणि तिकिटाचे मोल

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सोन्याचे एक लहानसे तिकीट जपून ठेवलेले आहे. अठराव्या शतकात थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर व्हॉक्सहॉल नावाचे प्रसिद्ध विहारोद्यान होते. त्याच्या सजावटीच्या कामी विल्यम होगार्थ या चित्रकाराने मालक जोनाथन टायर्स याला साहाय्य केले. त्या उपकाराची आठवण म्हणून टायर्सने हे तिकीट त्याला दिले. ते दाखविले की होगार्थला आणि त्याच्या गाडीतून आलेल्या मंडळींना शुल्क न देता आत जाता येई. इतरांना मात्र दारात पैसे मोजावे लागत. करमणुकीच्या बागेच्या दारात उभा राहून माणूस नेमके कशाचे पैसे मोजतो, हा प्रश्न असा जुना आहे. आजच्या थीम पार्कच्या तिकिटांचे दर ऐकून आपण चकित होतो. त्यापूर्वी या प्रश्नाचा मागोवा घेणे उपयुक्त ठरेल.

१७३२ साली टायर्सने आपल्या उद्यानाचा थाटाने आरंभ केला, तेव्हा पहिल्या समारंभाचे प्रवेशमूल्य एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग होते. पुढे त्याने ते एका शिलिंगावर आणले, आणि १७९२ सालापर्यंत ते तेवढेच राहिले. त्या एका शिलिंगात वृक्षराजीत उजळणारे असंख्य दिवे, वाद्यवृंद आणि चित्रे तर मिळतच. परंतु खरे आकर्षण निराळेच होते. तेथे येणारा दुकानदार राजपुत्राला आणि सरदारांना जवळून पाहू शके. लोक लोकांनाच पाहावयास येत असत. अर्थात् हे सख्य सर्वांसाठी नव्हते. सेवकाच्या गणवेषातील नोकराला बागेत हिंडण्याची मुभा नव्हती. शिवाय दारातली स्वस्ताई आतल्या फराळाच्या दरात भरून निघे. तेथील मांसाचे काप इतके पातळ असत की त्यांतून वर्तमानपत्र वाचता यावे, असा विनोद लंडनमध्ये रूढ झाला होता.

१८५९ साली व्हॉक्सहॉल बंद झाले. शतकाच्या अखेरीस या इतिहासाचे केंद्र न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या समुद्रकिनाऱ्यावर सरकले. तेथे १८९७ साली जॉर्ज टिल्यू याने आपल्या स्टीपलचेस उद्यानाला कुंपण घातले आणि आतील अनेक खेळांसाठी एकत्रित तिकीट काढले. १९०७ साली हे उद्यान आगीत भस्मसात झाले. टिल्यूने काय करावे? धुमसते अवशेष पाहावयास त्याने दहा सेंटांचे तिकीट लावले! दार आणि कुंपण असले म्हणजे राखेलाही किंमत येते, हे त्याने ओळखले होते.

यानंतरचा टप्पा कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडचा. १७ जुलै १९५५ रोजी निमंत्रितांसाठी ते उघडले, तर बनावट तिकिटे घेऊनही पुष्कळ लोक आत शिरले. दुसऱ्या दिवसापासून सर्वसामान्यांना प्रवेश मिळाला. प्रौढांना एक डॉलर आणि मुलांना अर्धा डॉलर, असा दर होता; प्रत्येक खेळाचे पैसे निराळे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तिकिटांची पुस्तिका निघाली. प्रवेश आणि आठ खेळ मिळून प्रौढांना अडीच डॉलर पडत. या तिकिटांचे ए, बी, सी असे वर्ग होते आणि १९५९ साली सर्वांत मोठ्या खेळांसाठी ‘ई’ तिकीट आले. ई तिकिटे पहिल्यांदा संपत. उरलेली ए तिकिटे घरोघरच्या खणांत वर्षानुवर्षे पडून राहत.

या दुहेरी आकारणीने अर्थशास्त्रज्ञांचेही लक्ष वेधले. वॉल्टर ओई यांनी १९७१ साली डिस्नेलँडचे नाव शीर्षकात घालून एक निबंध प्रसिद्ध केला. खेळ स्वस्त ठेवावेत आणि त्यांतून मिळणाऱ्या आनंदाचे मोल दारातच वसूल करावे, यात मालकाचा लाभ कधी असतो, याची चिकित्सा त्यांनी केली. १९८२ साली डिस्नेलँडने खेळांची तिकिटे रद्द केली. सारी किंमत दाराशी आली आणि आत कितीही खेळ खेळण्याची मोकळीक झाली. पुढच्याच वर्षी सॅली राइड ही पहिली अमेरिकन स्त्री अंतराळात गेली. तेव्हा त्या अनुभवाला तिने ई तिकिटाचीच उपमा दिली. तिकीट गेले, परंतु त्याचे मोल भाषेत उरले.

आता आकडे पाहू. २०१६ साली डिस्नेलँडने गर्दीच्या आणि विरळ गर्दीच्या दिवसांचे दर निरनिराळे केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका दिवसाचे तिकीट किमान १०४ आणि कमाल २०६ डॉलर झाले. १९५५ साली अमेरिकेतील संघराज्याचे किमान वेतन तासाला ७५ सेंट होते. म्हणजे अडीच डॉलरची पुस्तिका तीन तास वीस मिनिटांच्या मजुरीत येई. २०२४ साली कॅलिफोर्नियाचे किमान वेतन तासाला १६ डॉलर होते. तरीही तिकिटासाठी साडेसहा ते जवळजवळ तेरा तास राबावे लागे. केवळ महागाईच्या हिशेबाने पाहिले, तर त्या अडीच डॉलरचे २०२४ साली तीसएक डॉलर व्हावयास हवे होते.

याची दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. जुन्या पुस्तिकेत आठच खेळ होते, आज ते अमर्याद आहेत. यंत्रे अधिक गुंतागुंतीची झाली आहेत. आणि दर चढूनही लोक येतच आहेत. दर उतरविला तर रांगा वाढतील, हेही खरे. प्रशासनात वावरणाऱ्या माझ्यासारख्याला हा युक्तिवाद परका नाही.

पण रांगेचेच पाहा. १९९९ साली रांग टाळण्याची सोय डिस्नेने विनामूल्य सुरू केली होती. २०२१ साली तिचे पैसे पडू लागले. व्हॉक्सहॉलमध्ये माणूस इतरांच्या सहवासासाठी शिलिंग देत होता. आता तो इतरांना टाळण्यासाठी डॉलर देतो. तिकिटाचा दर वाढला, यापेक्षा तिकिटाने विकावयाची वस्तूच बदलली, हा फरक मला मोठा वाटतो.

आमच्या गावच्या जत्रेला कुंपण नव्हते. आम्हा भावंडांच्या खिशात एकाच फेरीचे पैसे असत आणि ती फेरी कोणत्या पाळण्यात घ्यावी, या विचारात आम्ही सारी जत्रा पालथी घालीत असू. पाळण्यात बसणे घटकाभराचे. परंतु ते हिंडणे आमचे होते आणि त्याला कोणी तिकीट लावले नव्हते. १९५५ साली एक डॉलर देऊन आत शिरणारा, एकही खेळ न खेळता बाकावर बसून बँड ऐकणारा पाहुणा याच जातीचा. आजच्या दरपत्रकात त्याच्यासाठी तिकीटच उरलेले नाही.