परळची सशाची पिल्ले आणि पटकीचे विष

परळला आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्थेची जुनी वास्तू आहे. एके काळी तेथे मुंबईचे गव्हर्नर राहत. १८९९ साली वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा तेथे आली आणि १९२५ पासून संस्थेला त्यांचे नाव मिळाले. प्लेगच्या लशीची गोष्ट आपण मुलांना सांगतो. पण याच आवारात पटकीचे एक कोडे सुटायला मोठी मदत झाली, ते सहसा सांगायचे राहून जाते.

पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्याच्या रुग्णांत दाखवून दिला होता. हा जंतू आतड्यातच राहतो, रक्तात शिरत नाही. तरीही रुग्णाच्या अंगातले कित्येक लिटर पाणी एका दिवसात निघून जाते. हे कसे? जंतू विष सोडत असावा, असा कॉख यांचा तर्क होता. आतड्याचे अस्तरच सोलून निघते, असे इतर अनेकांचे मत होते. अस्तरच नसेल, तर तोंडाने दिलेले पाणी अंगी लागणार कसे?

वाद मिटवायला प्रयोग हवा, आणि प्रयोगाला आजारी पडणारा प्राणी हवा. मोठ्या सशाला जंतू पाजले तरी पटकी होत नाही. हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता आणि एम. के. हब्बू औषधे तपासण्यासाठी अशाच प्राण्याच्या शोधात होते. सुमारे दहा दिवसांच्या सशाच्या पिल्लांना पटकीसारखे जुलाब होतात, हे त्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केले.

पुढे १९५९ मध्ये दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी पिल्लांना जिवंत जंतू न देता त्यांचा नुसता अर्क दिला. तरीही जुलाब झाले! त्याच वर्षी कलकत्त्यात शंभूनाथ डे यांनी जंतू गाळून काढलेला द्रव सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडला. आतडे पाण्याने फुगले. दोन शहरांतून एकच उत्तर आले : करणी विषाची.

हे विष अस्तर फाडत नाही. ते पेशींना क्षार बाहेर सोडत राहायला लावते आणि क्षारांमागून पाणी जाते. पण साखरेबरोबर मीठ आत घेणारी पेशींची वाट शाबूत राहते. म्हणूनच नुसत्या पाण्याने जे होत नाही, ते मीठ-साखरेच्या पाण्याने होते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पाजले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

सगळेच जुलाब असे नसतात. शिगेला हा जंतू अस्तराला खरोखर इजा करतो, म्हणून आव-रक्त पडते. तेथे डॉक्टर गाठावाच लागतो. पाणी भरून काढणे मात्र दोन्हीकडे आवश्यक.

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे यातून एक धडा घेतो : योग्य प्रश्नाइतकाच योग्य प्राणी महत्त्वाचा. शिक्षकांनी वर्गात एवढे जरूर करावे. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मुलांनी ते स्वतः मोजून करावे आणि चाखून पाहावे. जुलाब लागले की पाणी बंद, असे सांगणारे कोणी घरी भेटलेच, तर मुलांजवळ त्याचे उत्तर असेल.