सशाच्या रक्तातील सुरी

शरीराच्या संरक्षक पेशी परक्या जंतूंशी झुंजतात. परंतु क्वचित त्या घरच्यांवरही उलटतात. 1855 साली लंडनच्या टॉमस ॲडिसन यांनी वर्णिलेल्या व्याधीत मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी नष्ट होतात, त्यांचे स्राव आटतात आणि रक्तदाब घसरतो. त्या काळी या व्याधीचे मोठे कारण क्षय हे होते. आज पुष्कळ रोग्यांत या संरक्षक पेशींनीच ग्रंथी पोखरलेल्या आढळतात. या वैराचाच उपयोग करून घेता येईल काय? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एन. आर. मौद्गल यांनी तो करून दाखविला.

ग्रंथीचे कार्य जाणावयाचे तर ती कापून काढावयाची, ही जुनी रीत. पण मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका एकटीच अनेक स्राव निर्माण करते. ती काढली की सारेच थांबते. मग कोणत्या स्रावावाचून काय अडले हे उमगावे कसे? एका खोलीत कोण जागे आहे ते पाहण्यासाठी साऱ्या वाड्याचे दिवे मालवण्यासारखेच हे!

मौद्गल अमेरिकेत, बर्कले येथे, पीयूषिकेचे गाढे अभ्यासक चो हाओ ली यांच्यापाशी काम करून आले होते. मेंढीच्या पीयूषिकेतील एकच स्राव शुद्ध करून सशाला टोचावयाचा. सशाच्या पेशी त्याला परका मानून प्रतिपिंडे तयार करतात. त्या सशाचा रक्तरस उंदरीला दिला की तिचा तेवढाच स्राव निकामी होतो. ग्रंथी जागच्या जागी राहते. गाभण उंदरीत पीतपिंड जागविणारा स्राव असा अडविला, तेव्हा गर्भ टिकेना. सोबत प्रोजेस्टेरॉन दिले असता तो टिकला. गर्भधारणेची साखळी कोणत्या कडीपाशी तुटते, हे शस्त्र न लावता दिसले.

पुढे दक्षिणेतील देवळांच्या आवारात हुंदडणाऱ्या जातीची माकडे प्रयोगाला आली. शुक्रजंतूंच्या निर्मितीला हातभार लावणाऱ्या पीयूषिकेच्या स्रावाविरुद्ध नरांना लस टोचली. त्यांचे पौरुष शाबूत राहिले, प्रजननक्षमता मात्र लोपली. संततिनियमनाचा भार बहुतांशी स्त्रियांनीच वाहावयाचा, या रूढीला येथे उत्तर सापडेल असे वाटू लागले. 1997 मध्ये पाच पुरुषांवरील अल्प चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पण त्याच वर्षी अमेरिकेतील ह्यूस्टनहून वार्ता आली: हा स्राव जन्मतःच नसलेले नर उंदीर पिलांचे बाप होतात. उंदरावरून माणसाचे अनुमान काढू नये, हे खरे. तरी शंका शिरली ती शिरलीच, आणि लस औषधांच्या दुकानापर्यंत पोहोचली नाही.