मतदारयादी : लोकशाहीचे पहिले पान

निवडणूक म्हटली की सभा, मिरवणुका, भिंतींवरच्या घोषणा आणि मतमोजणीच्या दिवसाची उत्कंठा डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु ह्या साऱ्या गजबजाटाच्या कितीतरी आधी, दारोदार फिरणाऱ्या एखाद्या सामान्य कर्मचाऱ्याच्या वहीत निवडणुकीचा खरा प्रारंभ झालेला असतो. ती वही म्हणजे मतदारयादी. ज्याचे नाव यादीत, त्याला मत. ज्याचे नाही, त्याचा हक्क घटनेत लिहिलेला असूनही मतदानाच्या दिवशी त्याला केंद्राच्या दारातून परत फिरावे लागते. भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा इतिहास पाहू जाता, तिची सर्वांत अवघड कसोटी मतपेटीपाशी नव्हे, तर ह्या यादीपाशी लागली, असे दिसून येते.

इंग्रजी अमदानीत मत हा नागरिकत्वाचा हक्क नव्हता. तो प्रतिष्ठेचा मान होता. १९३५ च्या कायद्यान्वये झालेल्या प्रांतिक निवडणुकांत मताधिकार मिळकत, कर व शिक्षण ह्यांवर अवलंबून होता आणि प्रौढ प्रजेपैकी फार थोड्यांनाच तो लाभला होता. काही स्त्रियांना मिळकतदाराची पत्नी म्हणून मत मिळाले. शिवाय धर्मनिहाय मतदारसंघ असल्याने याद्याही वेगवेगळ्या. स्वतंत्र भारताच्या घटनेने ही सारी रचना मोडून काढली. ३२५ व्या कलमाने धर्म, वंश, जात अथवा लिंग ह्या कारणावरून कोणाही व्यक्तीला न वगळणारी एकच सर्वसाधारण यादी प्रत्येक मतदारसंघासाठी ठरविली. ३२६ व्या कलमाने एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला मताधिकार दिला.

विशेष असे की, ही कलमे अंतिम स्वरूपात संमत होण्यापूर्वीच यादीचे काम सुरू झाले होते. घटनासमितीच्या सचिवालयाने १९४७ च्या अखेरीस ह्या कामाला हात घातला. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या. लक्षावधी निर्वासित छावण्यांतून राहत होते आणि कायमच्या वास्तव्याचा पुरावा त्यांच्यापाशी कोठून असणार? तेव्हा, येथेच कायम राहण्याचा आपला मनोदय आहे, एवढ्या निवेदनावर त्यांची नावे तात्पुरती नोंदवून घेण्याची सोय करण्यात आली. ज्यांचे घरदार गेले, त्यांना नव्या देशाने दिलेली पहिली ओळख म्हणजे यादीतील ही नोंद होती.

मार्च १९५० मध्ये सुकुमार सेन हे देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. गणिताचा व्यासंग असलेल्या ह्या सनदी अधिकाऱ्यापुढचे गणित मात्र अपूर्व होते. मतदारांची संख्या सतरा कोटींहून अधिक. १९५१ च्या खानेसुमारीनुसार शंभरांत साक्षर जेमतेम अठरा, आणि स्त्रियांत तर पुरते नऊही नाहीत. ज्यांना उमेदवाराचे नाव वाचता येत नाही, त्यांच्यासाठी बैलजोडी, झोपडी, झाड, दिवा अशी परिचयाची चिन्हे योजण्यात आली. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी. चिन्ह पेटीवर लावलेले. मतदाराने कागदावर कोणतीही खूण न करता तो आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायचा. निरक्षरतेवर अशी युक्ती चालली. परंतु दुसऱ्या एका अडचणीवर चिन्हांचा उपाय नव्हता.

याद्यांचे मसुदे तपासता असे आढळले की, असंख्य स्त्रियांच्या नोंदीत त्यांचे नावच नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच लिहिलेले. परक्या पुरुषापुढे आपले नाव उच्चारणे कुलशीलाला धरून नाही, ही रूढी घराघरांत दृढ होती. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश ह्यांच्या जोडीने मध्यभारत राज्यातही हा प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळला. इंदूर आणि ग्वाल्हेर ही मराठी माणसांची जुनी वसतिस्थाने ह्याच राज्यातली. मराठी समाजालाही ह्या संकोचाचे मर्म अपरिचित नव्हते. पतीचे नाव उघड न घेण्याची चाल, तीतून उखाण्याने काढलेली पळवाट, आणि विवाहसमयी माहेरचे नाव टाकून सासरचे नाव धारण करण्याची पद्धत, ह्या सर्वांतून स्त्रीच्या नावाभोवती एक पडदा विणला गेलेलाच होता.

निवडणूक आयोगापुढे दोन मार्ग होते. एक, आहे तशा नोंदी कायम ठेवाव्यात. दुसरा, नाव मिळविण्याचा प्रयत्न करावा आणि न मिळाल्यास नोंद रद्द करावी. आयोगाने दुसरा मार्ग पत्करला. पुष्कळ स्त्रियांनी नावे सांगितलीही. तरीही अखेरीस सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांच्या नोंदी काढून टाकाव्या लागल्या. देशातील स्त्रीमतदार त्या वेळी आठ कोटींच्या आसपास होत्या. म्हणजे दर शंभरांत तीन-चार स्त्रिया आपल्या पहिल्या मताला मुकल्या.

ह्या निर्णयावर ओरड झाली, ती अकारण म्हणता येत नाही. नाव न सांगण्याचा दोष त्या स्त्रियांचा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या रीतीने त्यांच्या तोंडाला घातलेले ते कुलूप होते. रूढीचा दंड रूढीच्या बळींनीच भरावा, हा कोणता न्याय? परंतु दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. मतदानकेंद्रात अधिकारी यादीतील नाव मोठ्याने पुकारतो, ते अशासाठी की, समोर उभी असलेली व्यक्ती तीच की नव्हे, ह्याविषयी उमेदवारांच्या प्रतिनिधींना हरकत घेता यावी. ‘अमक्याची बायको’ ह्या नोंदीवर कोणीही उभे राहू शकेल आणि खऱ्या मतदार स्त्रीचेच मत चोरीला जाईल. ह्याहून खोल कारण असे की, जी स्त्री यादीत केवळ कोणाची तरी पत्नी म्हणून येते, तिचे मत जणू त्या पुरुषाच्या मताची पुरवणी ठरते. १९३५ च्या कायद्यातील ‘मिळकतदाराची पत्नी’ नव्या यादीत मागील दाराने परत आली असती. झालेल्या गवगव्यानेच हा पूर्वग्रह पुढील निवडणुकीपर्यंत नाहीसा होण्यास मदत होईल, अशी सेन ह्यांची धारणा होती.

२५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचल प्रदेशातील चिनी तालुक्यात, बर्फ पडून वाटा बंद होण्यापूर्वी, पहिली मते पडली. फेब्रुवारी १९५२ पर्यंत चाललेल्या ह्या निवडणुकीतून लोकसभेचे ४८९ सदस्य निवडले गेले. १९५७ च्या याद्यांत स्त्रियांच्या नोंदणीतील ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली. पुढे निरनिराळ्या पेट्या जाऊन मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली, नंतर यंत्रे आली. १९८९ पासून मताधिकाराचे वय अठरा झाले. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत मतदानाच्या प्रमाणात स्त्रियांनी पुरुषांना किंचित मागे टाकले. २०२४ मध्ये मतदारयादीतील नावे शहाण्णव कोटींच्या वर गेली होती. पद्धती बदलल्या, आकडे वाढले. परंतु क्रम तोच राहिला. आधी प्रारूप यादी, मग दावे व हरकती, मग अंतिम यादी, आणि त्यानंतरच मतदान.

ह्या क्रमातील पहिली पायरी आजही सर्वांत दुर्लक्षित आहे. मतदानाच्या दिवशी नाव नाही म्हणून संतापणारा नागरिक, प्रारूप यादी पाहण्यासाठी उपलब्ध असताना ती क्वचितच चाळतो. नावे गळणे हा कारकुनी दोष असू शकतो, परंतु त्याचा परिणाम कारकुनी नसतो. ग्रंथालयाच्या वाचकांना हे निराळे सांगावयास नको. दाखलनोंदवहीत न चढलेला ग्रंथ कपाटात असूनही नसल्यासारखाच. कोणी मागितला तर तो सापडत नाही, हरवला तर त्याचा शोध होत नाही. नागरिकाचेही तसेच आहे. १९५१ मध्ये ज्या स्त्रियांनी दाराच्या आडून का होईना, परक्या कर्मचाऱ्यास प्रथमच आपले नाव सांगितले, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. मात्र त्या एका उच्चाराने त्यांनी प्रजासत्ताकाच्या दप्तरात आपली जागा स्वतः मागून घेतली. मतपेटीपर्यंतची वाट तेथूनच सुरू झाली.