‘बॉडी फार्म’ : मृत्यूची वेळ सांगणारे शास्त्र

अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाचे न्यायसाहाय्यक मानवशास्त्रज्ञ डॉ. विल्यम बास यांनी १९७७ मध्ये एका उकरलेल्या कबरीतील मृतदेह तपासून मृत्यू वर्षभरातील असावा, असा अंदाज वर्तवला. प्रत्यक्षात तो देह १८६४ मध्ये यादवी युद्धात मारल्या गेलेल्या कर्नल विल्यम शाय यांचा होता. रासायनिक लेपन व लोखंडी शवपेटी यांमुळे तो टिकून राहिला होता.

विघटनाविषयीचे हे अज्ञान दूर करण्यासाठी बास यांनी १९८१ मध्ये नॉक्सव्हिल येथे मृतदेह उघड्यावर ठेवून संशोधन आरंभले. तापमान, आर्द्रता आणि माश्यांच्या अळ्यांची वाढ यांच्या नोंदींवरून मृत्यूचा काळ अनुमानता येतो. आरोपी त्या वेळी कोठे होता, हा प्रश्न खटल्यात निर्णायक ठरतो. त्यामुळे या अनुमानावर एखाद्याची शिक्षा वा सुटका अवलंबून असू शकते.