सिसेरोचा अर्धा शब्द

‘तो तिसऱ्यांदा अध्यक्ष झाला’ व ‘तो तिसरा अध्यक्ष झाला’ यांत जो भेद, तोच लॅटिनमधील ‘तेर्तियम्’ व ‘तेर्तियो’ या क्रियाविशेषणांत आहे, असें व्हारोचें मत. तरीहि रोममध्यें त्यावरून पंडितांत दोन तट पडले. विजयदेवतेच्या मंदिरावर पाँपेस आपलें तिसरें कॉन्सलपद (इ. स. पू. ५२) कोरावयाचें होतें, शब्द कोणता घालावा? वाद सिसेरोकडे गेला. कोणासच दुखवावें लागूं नये म्हणून त्यानें वादग्रस्त शेवट गाळून नुसतें ‘तेर्त्’ कोरण्याचा सल्ला दिला. ही हकीकत त्याचा मुक्तदास तिरो यानें पत्रांत लिहिली व दुसऱ्या शतकांत गेलियसनें ती जपली.

सिसेरोची युक्ति चतुर खरी. परंतु तिनें वाद मिटला, शंका मिटली नाहीं. पुढें तेथील रंगमंचाची भिंत पुन्हां बांधली, तेव्हां शब्द जाऊन तीन रेघाच उरल्या. पँथिऑनवर मात्र अग्रिपाच्या तिसऱ्या कॉन्सलपदाच्या (इ. स. पू. २७) उल्लेखांत ‘तेर्तियम्’ हा शब्द पूर्ण कोरलेला आजहि वाचतां येतो. ज्यांस भाषेचा निवाडा करण्याचा अधिकार आहे, त्यांनीं तो भिडेखातर अर्धवट सोडूं नये, हेंच आम्हांस यांतून घेण्याजोगें वाटतें.