रेडिओलहरींची सार्वजनिक मालकी आणि पालघरचा प्रयोग

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. तथापि दूरचित्रवाणीसाठी राखीव असलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झ पट्ट्याचा मोठा भाग वापराविनाच राहिला. त्यातील १५ पैकी किमान १२ वाहिन्या देशात जवळजवळ सर्वत्र मोकळ्या असल्याचे मुंबई आयआयटीच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. पुढे पालघर जिल्ह्यातील खामलोली परिसरात, दूरदर्शनच्या प्रक्षेपणास बाधा न आणता, याच वाहिन्यांवरून गावापर्यंत इंटरनेट आणून ते वाय-फायद्वारे पुरविण्यात आले. झाडी व चढउतार ओलांडण्यास या लहरी वाय-फायहून अधिक समर्थ असतात. परवाना मात्र प्रायोगिकच होता. मालकी जनतेची, परंतु वापर परवान्यापुरता, हा अंतर्विरोध या प्रयोगाने अधोरेखित केला.