पाच रुपयांचा करार

परदेशी जाण्याची तयारी म्हटली की पासपोर्ट, व्हिसा आणि लोणच्याची बरणी डोळ्यांपुढे येते. आपल्या गोंदियाकडून आखातात निघालेल्या मुलाच्या घरी जा. आई डबे भरण्यात गुंतलेली असते, आणि नोकरीचा करार पुष्कळदा एजंटाच्याच खिशात असतो. म्हणून आज मी त्या करारापुरतेच बोलणार आहे. त्याचा इतिहास मराठी मजुरांनीही भोगलेला आहे.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ साली झाला. मॉरिशसच्या ऊसमळेवाल्यांना मग मजुरांची नड पडली. १८३४ च्या सप्टेंबरात कलकत्त्याच्या पोलीस कचेरीत ३६ डोंगरी मजुरांनी करारावर निशाण्या केल्या आणि २ नोव्हेंबरला 'अ‍ॅटलस' जहाजातून ते पोर्ट लुईला पोचले. मुदत पाच वर्षे, पगार महिना पाच रुपये, वर शिधा आणि कापड. सहा महिन्यांचा पगार आगाऊ, आणि परतीच्या भाड्यासाठी दरमहा एक रुपया कापायचा. माणूस बोटीवर चढला तो कर्जदार होऊनच! उचल म्हणजे काय, हे बिडीच्या गावाला मी समजावून सांगायला नको.

पुढे मुंबई बंदरातूनही हजारो मजूर गेले. कलकत्ता-मद्रासच्या मानाने थोडे, पण रत्नागिरी, मालवण, सावंतवाडीकडची कुटुंबे त्यांत होती. 'अ‍ॅग्रिमेंट' या शब्दाचे मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. आपल्याकडे गिरमिट म्हणजे सुताराचे भोक पाडण्याचे हत्यार. दोन्ही शब्दांचे मूळ वेगळे, पण गुण एकच निघाला.

कारण एक दिवस कामावर न आलेल्या मजुराचे दोन दिवसांचे वेतन कापीत. बिडीच्या धंद्यात 'छाट' म्हणून चांगल्या विड्याही बाजूला काढीत, त्यातलाच हा हिशेब. १८६७ च्या कायद्याने तर मुदत संपलेल्या मजुरालाही स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. तो नसला की भटक्या ठरवून तुरुंग. फुकट परतीचा हक्क त्याआधीच, १८५० नंतरच्या काळात, गेलेला होता. १८७१ साली दे प्लेवित्झ नावाच्या गोऱ्या मळेवाल्याने हजारो मजुरांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे नेला, तेव्हा कोठे १८७२ मध्ये चौकशीसाठी रॉयल कमिशन आले.

परतीची वाट अशी महाग झाली, तशी माणसे तेथेच रुजली. साखरेचा भाव पडल्यावर मळेवाल्यांनी हलक्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या, आणि मजुरांनी पै-पै साठवून त्या घेतल्या. कास्कावेलसारख्या गावी मराठी घरे उभी राहिली. गणेश चतुर्थीला आज त्या देशात सार्वजनिक सुटी असते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जुन्या नोंदवह्या जपल्या आहेत. त्यांत मजुराचे नाव, बापाचे नाव, जात, गाव, उंची, अंगावरची खूण, सारे आहे. बैलाच्या दाखल्यातही याहून फारसे वेगळे काय असते?

या पद्धतीवर कायदेमंडळात घाव घातला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. १९१० साली नाताळपुरता, आणि ४ मार्च १९१२ रोजी सर्वच वसाहतींसाठी गिरमिट बंद करण्याचा ठराव त्यांनी मांडला. दुसरा ठराव फेटाळला गेला. पण त्यांचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो: करार मोडल्यास फौजदारी शिक्षा होते, ही गोष्ट मजुराला निशाणी करताना समजावून दिलीच जात नाही. मजूर राजीखुशीने गेला, असे म्हणणाऱ्यांचे तोंड याने बंद होते. १९१७ साली भरती थांबली. उरलेले करार १९२० साली रद्द झाले.

परदेशी जाणाऱ्या मजुरांवर देखरेख ठेवणारा सरकारी 'प्रोटेक्टर' त्याच काळातला. १९८३ च्या कायद्यातही हे पद कायम राहिले. दहावी न झालेल्या माणसाला आखातात व इतर काही देशांत नोकरीला जाताना त्याच्या कचेरीची मंजुरी लागते, आणि त्यासाठी करार दाखवावा लागतो. दहावी पास मुलाला, परिचारिकांसारखे अपवाद सोडले तर, ही मंजुरी लागत नाही. त्याचा करार तपासायला कोणी बसलेले नसते. तो घरात, निघण्याआधी, त्यालाच वाचावा लागतो.